पियानो सुरात आल्याची गोष्ट

संगीताच्या बाईंना फक्त एक पट्टी दुरुस्त करून हवी होती. एकच. हे वाक्य पुढे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी शेवटी लोक त्यांना जिन्यात पाहिलं की आपणहून म्हणायचे, "हो हो बाई, एकच पट्टी, माहीत आहे."

पियानो शाळेच्या मोठ्या सभागृहात होता. शाळा निवासी, आणि इतकी जुनी की तिच्या दगडी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाट्यांसारख्या खोलगट झालेल्या. जिना पुसला की प्रत्येक वाटीत थोडं थोडं पाणी राही आणि नवीन माणूस हमखास त्यात पाय घाली. सभागृहाचं छत एवढं उंच, की पंख्याचा वारा खाली पोचेपर्यंत दमून जाई. भिंतीवर आजवरच्या मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या, आणि साऱ्यांच्या चेहऱ्यावर भाव एकच : मागच्या बाकावर कोणीतरी बोलतंय. त्यांच्या नजरेखाली कोपऱ्यात हा काळा, रुंद, फतकल मारून बसलेला पियानो. वर्षभर त्याच्यावर खेळांचे चषक मांडलेले असत. स्थापनादिन जवळ आला की चषक उतरायचे आणि आपण वाद्य आहोत हे त्या बिचाऱ्याला आठवायचं.

यंदा चषक उतरल्यावर बाईंनी त्याच्यावरून हात फिरवून पाहिला. बरा होता. जरा खालच्या आवाजात बोलत होता, पण वय झालं की आवाज कोणाचा खाली येत नाही? फक्त मधली एक पट्टी दाबली की सूरच निघत नव्हता. नुसतं 'ठक्'. संकोची माणसाने दारावर टकटक करावी तसं.

आता बाईंच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्या पट्टीला वळसा घालून पुढे गेलं असतं. पण बाईंना वळसे परवडण्यासारखे नव्हते. त्या तात्पुरत्या होत्या. आधीचे संगीताचे सर मुलीकडे राहायला गेले आणि वर्षापुरतं कोणी हवं म्हणून भांडारपालांच्या बायकोला उभं केलं गेलं, कारण ती स्वयंपाक करताना गाते हे क्वार्टर्समधल्या सर्वांना भिंतीतून ऐकू येत असे. बाईंकडे प्रमाणपत्र नव्हतं. लहानपणी शेजारच्या घरातली मुलगी पियानो शिकायची. भिंतीच्या पलीकडे तिच्या शिक्षिका ओरडायच्या, आणि भिंतीच्या अलीकडे बाई शिकायच्या. शेजारची मुलगी पुढे दातांची डॉक्टर झाली. बाई चुलत्यांच्या पेटीवर, शाळेतल्या मोडक्या वाद्यांवर, जिथे मिळेल तिथे ते धडे गिरवत राहिल्या. स्थापनादिनाच्या कार्यक्रमानंतर समिती बसणार होती आणि बाईंना कायम करायचं की प्रमाणपत्रवाल्या माणसासाठी जाहिरात द्यायची, हे ठरणार होतं. तेव्हा भर कार्यक्रमात 'ठक्' होऊन चालणार नव्हतं.

त्यांनी ही गोष्ट यजमानांच्या कानावर घातली. यजमान शाळेचे भांडारपाल. घरात पतीशी बोलत असताना कोणत्या क्षणी भांडारपाल बोलायला लागतील याचा नेम नसे.

"अहो, त्या पियानोची एक पट्टी वाजत नाही."

"अर्ज कर."

"तुम्हालाच सांगतेय ना."

"मला सांगतेस ते घरात. भांडाराला सांगायला अर्ज लागतो."

बाईंनी अर्ज केला. भांडारात पियानोची नोंद 'लाकडी सामान, मोठे' अशी होती, टेबलं आणि कपाटं यांच्या मधोमध. आणि लाकडी सामान बिघडलं तर नियमाप्रमाणे सुतार. त्यामुळे शनिवारी सुतार आला. भला माणूस. त्याने पियानोचा एक पाय घट्ट केला, झाकणाच्या बिजागरीला तेल घातलं, कडा घासून रंग दिला आणि जाताना समाधानाने म्हणाला, "आता बघा, कपडे कितीही ठेवा आत."

बाईंच्या स्वाभिमानाला हा पहिला धक्का. त्यांनी घरी येऊन भांडी जरा मोठ्याने घासली. सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "अगं, रागावतेस कशाला? निदान पाय तरी हलत नाही आता."

शेजारच्या क्वार्टरमध्ये विज्ञानाचे सर राहत. शेजाऱ्यांच्या अडचणी त्यांना स्वतःच्या अडचणींपेक्षा जास्त कळत. त्यांनी कुंपणावरूनच सांगितलं, "बाई, सुताराचं कामच नाही ते. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत एक पियानोवाले आहेत. माणूस म्हणजे काय सांगू? कान असा, की पावलांच्या आवाजावरून चपलेचा नंबर सांगतात."

"मला चपलेचा नंबर नकोय सर. एकच पट्टी..."

"तेच ते. बोलावतोच मी."

पियानोवाले आले. हातात डॉक्टरांसारखी चामडी पिशवी, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मुलं त्यांना डॉक्टरच म्हणू लागली आणि त्यांनीही हरकत घेतली नाही. त्यांनी पियानोभोवती एक फेरी मारली, डोळे मिटले, एक पट्टी दाबली आणि असा सुस्कारा टाकला की बाईंना वाटलं, आता हे घरच्या मंडळींना बाहेर बोलावून घेणार.

"किती दिवस असा आहे हा?"

"मी आल्यापासून तरी असाच. फक्त ही मधली पट्टी..."

"बाई, माणसाला ताप आला तर एकाच बोटाचा उतरवतात का?"

डॉक्टरांनी पुढची फळी काढली. आतून पेन्सिली निघाल्या, एक चमचा, एक कंगवा, कोणाच्या तरी चष्म्याची काच आणि अनेक पिढ्यांच्या कॉप्या. भूमितीच्या सर्वात जास्त. मग डॉक्टरांनी निदान सांगितलं. हा पियानो नुसता खाली आलेला नाही, तो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसलाय. जगातल्या कुठल्याही बरोबर वाद्याशी त्याचा सूर जुळणार नाही. याला समूळ वर आणावं लागेल, तार न् तार.

बाई 'एकच पट्टी' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुख्याध्यापक सभागृहात आले. हे गृहस्थ सहृदय. पण 'नूतनीकरण' हा शब्द ऐकला की त्यांचा ताबा सुटत असे. "समूळ करा," ते म्हणाले. "शाळेचं नाव आहे. निमंत्रणपत्रिकेत छापू आपण. नूतनीकरण केलेल्या पियानोच्या साथीत प्रार्थना."

मग डॉक्टरांचा मुक्काम पाहुण्यांच्या खोलीत पडला आणि तारा चढायला लागल्या. म्हाताऱ्या तारा त्या. ताणल्या की तुटत, आणि तुटताना बंदूक सुटल्यासारखा आवाज होई. पहिली तार तुटली तेव्हा शेजारच्या वर्गात परीक्षा चालू होती. सगळी मुलं बाकांखाली गेली आणि बाहेर आली तेव्हा प्रत्येकाचं उत्तर शेजाऱ्याशी तंतोतंत जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अट घातली. "मला शांतता हवी. ती घंटा बंद करा. सूर लावत आणलेला असतो आणि ही दणकते. कान बाटतो माझा."

या शाळेत घंटेवाचून पान हलत नसे. ती मनोऱ्यात टांगलेली होती, शाळेच्या पहिल्या दिवसापासून. उठायचं तिच्यावर, जेवायचं तिच्यावर, दिवे मालवायचे तिच्यावर. आणि संध्याकाळची प्रार्थनाही तिच्यावरच. मुलं रांगांत उभी राहायची, शिपाईमामा शेवटचा ठोका द्यायचे, तो घुमत घुमत विरत असायचा आणि त्या घुमण्यातूनच मुलं पहिला सूर उचलायची. सूर द्यायला कोणी लागत नसे. बाईंचा पहिला दिवस होता तेव्हा त्या सूर देण्यासाठी तोंड उघडून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या तोंडून काही निघेपर्यंत मुलं दुसऱ्या ओळीवर पोचली होती. बाईंनी तोंड तसंच जांभईकडे वळवलं होतं.

तर ती घंटा मुख्याध्यापकांनी बंद केली. शिपाईमामांना वाईट वाटलं. दोर हातात नाही म्हटल्यावर ते वर्गावर्गात जाऊन सांगू लागले, "वाजले."

"किती वाजले मामा?"

"ते बघितलं नाही. पण वाजले."

सगळी शाळा सैल झाली. नाश्ता लांबत लांबत जेवणाला जाऊन भिडला. भूगोलाच्या सरांचा तास संपेना. एका खंडावरून दुसऱ्या खंडावर जात ते अखेर ध्रुवावर पोचले, आणि तिथे पुढे जायला काही उरलं नाही म्हणून मुलांना हाताची घडी घालायला सांगून खुर्चीत टेकले. वसतिगृहाच्या नर्सबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्या एका पट्टीपायी मुलं एक औषध दोनदा घ्यायला लागलीत." बाईंनी मान खाली घातली.

पण तालमी मात्र अशा रंगल्या, की बोलायची सोय नाही. नवा पियानो खणखणीत. मधली पट्टी डॉक्टर शेवटी करतील म्हणून तेवढी टाळून बाई पहिला सूर वाजवायच्या, मुलं तो बिनतक्रार घ्यायची आणि प्रार्थना सरळ रेषेत वर चढायची. मुख्याध्यापक मागे उभे राहून डोळे पुसायचे. बाईंना रात्री झोपताना वाटायचं, झालं ते बरंच झालं. प्रमाणपत्र नसलं म्हणून काय झालं?

डॉक्टर गेले. जाताना पियानोवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. ते फाटकाबाहेर पडल्यावर बाईंनी सहज मधली पट्टी दाबून पाहिली.

ठक्.

बाई धावत फाटकापर्यंत गेल्या. "डॉक्टर, ती पट्टी..."

"तिला मी मुद्दाम हात लावला नाही," डॉक्टर रिक्षात बसत म्हणाले. "सगळ्यांना एकदम बरं करायचं नसतं."

डॉक्टर गेले म्हणून घंटा पुन्हा सुरू झाली. आणि त्याच दिवशी होती रंगीत तालीम.

मुलं गणवेशात, रांगा सरळ. बाई पियानोपाशी. शिपाईमामांनी इतक्या दिवसांचा दुरावा भरून काढत शेवटचा ठोका असा दिला, की खिडक्यांची तावदानं थरथरली. तो घुमला आणि पोरांनी त्यातून सूर उचलला. सवयच ती. अगदी सुरेख उचलला. आणि दुसऱ्या ओळीला बाईंचा पियानो येऊन त्यांना भिडला.

काय झालं ते सांगणं अवघड आहे. मुलं चुकली असती तर बरं झालं असतं. पियानो चुकला असता तरी बरं. दोघंही स्वतःच्या जागी बरोबर होते आणि मध्ये केसाएवढं अंतर होतं. नवे दात बसवलेल्या माणसाने जुन्या दातांनीही बोलायचा प्रयत्न करावा, तसं काहीतरी. पुढच्या रांगेतली मुलं पियानोकडे सरकू लागली, मागची घंटेला चिकटून राहिली, मधल्यांनी तोंड मिटून घेतलं. भिंतीवरचे मुख्याध्यापक प्रथमच मागच्या बाकाकडे पाहायचं सोडून पुढे पाहतायत असं वाटलं.

भिंतीवर अद्याप न गेलेले मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, काहीतरी करपतंय."

तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या उठल्या, मनोऱ्याखाली गेल्या, मामांना एक ठोका द्यायला लावला आणि परत येऊन पियानोवर तो सूर शोधायला लागल्या. सापडेना. एक पट्टी त्याच्या जरा खाली, पुढची जरा वर. घंटेचा सूर बरोबर मधल्या फटीत होता. म्हणजे पियानो इतकी वर्षं जिथे जाऊन बसला होता तिथेच. आजारी नव्हता तो. कोणीतरी कधीतरी त्याला शहाणपणाने घंटेच्या शेजारी नेऊन बसवला होता आणि बाईंनी त्याला तिथून उठवला होता.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पियानो आता बरोबर आहे," ते म्हणाले. "शाळा चुकते आहे." पुढचे काही दिवस ते दुसऱ्या गावी एका पियानोच्या उशाशी बसणार होते. येणं शक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी क्वार्टर्समध्ये सल्ल्यांचं पीक आलं. सासूबाई म्हणाल्या, "एक पट्टी सोडून वाजवलं असतंस तर काय बिघडलं असतं?" हाच विचार बाईंच्या मनात तालमीपासून घर करून बसला होता, म्हणून तो जास्तच लागला. विज्ञानाचे सर कुंपण ओलांडून आतच आले. त्यांचं म्हणणं, पियानो खाली येत नसेल तर घंटा वर न्यावी. धातूला काहीतरी केलं की त्याचा आवाज बदलतो, हे पुस्तकात आहे. काय केलं की, ते पाहावं लागेल. तूर्त घोंगडी गुंडाळून बघू.

"वसतिगृहाची घोंगडी देता का हो?" बाईंनी यजमानांना विचारलं.

"घोंगडी विद्यार्थ्याला मिळते. घंटा हजेरीपटावर नाही."

"अहो, माझी नोकरी जायची वेळ आलीय."

भांडारपाल उठले, आतल्या खोलीत गेले आणि स्वतःच्या अंथरुणावरचं घोंगडं घेऊन आले. "हे घरचं आहे," ते म्हणाले. "याला अर्ज लागत नाही."

घोंगडं गुंडाळून घंटा वाजवली तर कोणीतरी लांब गादी झटकतंय असा आवाज आला. सूर बदलला नाहीच, फक्त लाजला. घोंगडं मात्र मनोऱ्यातल्या कबुतरांना इतकं आवडलं, की ते परत मिळालं नाही, आणि भांडारपाल तो सगळा आठवडा चादरीवर झोपले. त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. हे बाईंच्या लक्षात राहिलं.

मग बाईंनी मुलांना समजावलं. घंटा वाजली तरी लक्ष द्यायचं नाही, पियानोची वाट पाहायची. मुलांनी मनापासून प्रयत्न केला. ओठ चावून उभी राहिली. पण ठोका विरायला लागला की कुठून तरी गुणगुण सुरू व्हायचीच. पहिल्या रांगेतली एक लहानगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, आम्ही नाही उचलत. तो आपोआप येतो."

शेवटी त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, एकतर घंटा नको, नाहीतर पियानो नको."

मुख्याध्यापक कळवळले. घंटा कशी नको? माजी विद्यार्थी लांबून लांबून येतात ते ती घंटा ऐकायला, माझं भाषण ऐकायला नव्हे, हे ते मोकळेपणाने म्हणाले. आणि पियानो तर पत्रिकेत छापलाय. समिती पहिल्या रांगेत बसणार, पियानोसाठीच. "तुम्ही असं करा बाई," ते म्हणाले, "हळू वाजवा."

हळू वाजवून काय होणार होतं? चुकीचं माप हळू घेतलं म्हणून कपडा अंगाला बसत नाही. पण बाईंनी मान डोलावली. त्यांच्याकडे डोलावण्यासारखं तेवढंच होतं.

स्वरलिपीची पानं उलटायला विज्ञानाचे सर बसणार होते, पण आदल्या दिवशी ध्वनिक्षेपक शिट्ट्या मारायला लागला आणि ते त्याच्या मागे गेले. उरले भांडारपाल. त्यांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून सराव केला होता. बाई ओट्याशी उभ्या राहून मान हलवायच्या, ते पान उलटायचे. सासूबाई परीक्षक. "उशीर झाला," त्या म्हणायच्या. "हं, आता घाई केलीस." भांडारपालांना घाम फुटला होता.

स्थापनादिनाला सभागृह भरून गेलं. पुढे समिती, मागे माजी विद्यार्थी, त्यातले काही इतके माजी की त्यांना हाताला धरून वाट्यांच्या जिन्यावरून वर आणावं लागलं. मुख्याध्यापकांनी पियानोवर भाषण केलं. पियानोच्या जन्मापासून सुतारापर्यंत सगळं आलं. बाई बाकावर बसल्या होत्या. शेजारी भांडारपाल, ताठ, कडक इस्त्रीचा सदरा, पानाच्या कोपऱ्यावर दोन बोटं टेकवून तयार.

घंटा वाजली.

ठोका घुमला, विरू लागला, आणि मुलांनी सूर उचलला. बाईंनी हात वर घेतले. पहिली ओळ संपत आली. आता यायचं, हळू यायचं, असं त्या मनाशी म्हणत होत्या, तेवढ्यात मागून एक आवाज आला. मग दुसरा. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज. माजी विद्यार्थी उठून उभे राहत होते. कोणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रमात तसं नव्हतंही. टक्कल पडलेले, कमरेत वाकलेले, कानाला यंत्र लावलेले, काठी टेकलेले सगळे प्रार्थना म्हणायला लागले होते आणि त्यांचा सूर तोच होता. त्यांनाही कोणी दिला नव्हता. वर्षानुवर्षं दुसऱ्या गावांत, दुसऱ्या घरांत राहून तो सूर त्यांच्या गळ्यात जसाच्या तसा पडून राहिला होता, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत.

बाईंची बोटं पट्ट्यांवर आली आणि तिथेच थांबली.

समिती समोर होती. नोकरी समोर होती. पत्रिकेत पियानो होता. बाईंनी बोटं हलवायला सुरुवात केली. अगदी जशी बसवली होती तशी, डावा हात, उजवा हात, मनगटाची लय, सगळं. फक्त दाबलं काही नाही. बोटं पट्ट्यांच्या वरून केसभर अंतराने धावत होती, आणि सभागृहात पियानोचा एक स्वर निघत नव्हता.

पहिल्या रांगेतल्या मुलांना दिसत होतं. त्या दिवशीच्या रडवेल्या लहानगीला तर स्पष्ट दिसत होतं. तिचे डोळे बाईंच्या बोटांवर खिळले, वर आले, बाईंच्या डोळ्यांना भिडले. या शाळेत आजवर एकही गुपित जेवणाच्या घंटेपर्यंत टिकलेलं नव्हतं. लहानगीने नजर वळवली आणि छाती भरून घेऊन अधिक मोठ्याने गायला लागली. तिच्या शेजारचाही. मग सबंध रांग.

बाईंनी मान हलवली. भांडारपालांनी पान उलटलं.

ते पाहत होते. त्यांना सुरातलं कळत नसलं तरी पट्टी दाबली जाते की नाही एवढं कोणालाही कळतं, आणि वस्तू वापरली गेली की नाही हे ओळखण्यात तर त्यांचं आयुष्य गेलं होतं. बाईंना वाटलं, आता हे नियमाचं काहीतरी पुटपुटणार. पण त्यांनी पुढच्या पानाच्या कोपऱ्यावर बोटं टेकवली आणि बायकोच्या मानेकडे डोळे लावून बसले. मान हलली, पान उलटलं. पुन्हा हलली, पुन्हा उलटलं. इतक्या गंभीरपणे, की पहिल्या रांगेतल्या समितीला यावर शंका घेणं अशक्य होतं.

प्रार्थना संपली. टाळ्या थांबेनात. एक फार म्हाताऱ्या बाई काठी टेकत पियानोपाशी आल्या, संगीताच्या बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सूर हलू दिला नाहीत हो तुम्ही." समितीचे अध्यक्ष म्हणाले, "इतकी वर्षं ऐकतोय, पण पियानो मुलांच्या आवाजावर चढला नाही असं आज पहिल्यांदा झालं. याला म्हणतात साथ." समिती बसली आणि लगेच उठली. बाई कायम झाल्या. ठरावात कारण होतं, 'पियानोवरील प्रभुत्व'.

हे प्रभुत्व बाईंना रात्रभर टोचलं. सकाळी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं.

मुख्याध्यापक खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे वाजवलाच नाहीत?"

"नाही सर."

"मग मी काय ऐकलं?"

"घंटा ऐकलीत सर. आणि मुलं. आणि ती मागची मोठी मुलं."

"छान वाजत होता पण," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "आता असं आहे बाई, ठराव झालाय. झालेला ठराव मोडायला दुसरा ठराव लागतो, त्याला समिती लागते, आणि समिती आता वर्षभर भेटत नाही. तेवढ्यात तुम्ही तो पियानो पूर्वीसारखा करून घ्या. पुढच्या वर्षी मला खरा वाजलेला ऐकायचाय." आणि बाई दाराशी पोचल्यावर मागून म्हणाले, "चुकीचा करताना नीट करून घ्या हं."

परतताना मनोऱ्याखालून जायचं होतं. शिपाईमामा दोर धरून उभे होते. पटांगणात पहिल्या रांगेतली लहानगी दोरीवरच्या उड्या मारत होती. बाईंना पाहून थांबली. तिने हवेत दहा बोटं हलवून दाखवली, न दाबता, आणि लगेच हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. बाईंना हसू आवरेना आणि डोळ्यांचंही काही खरं नव्हतं. मुलं, मामा, समोरचा जिना, कबुतरांनी बळकावलेलं घोंगडं, सगळ्यांचे आभार मानायला हवेत असं त्यांना वाटलं, पण एवढ्या सगळ्यांना एकदम काय म्हणणार? त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी आल्या.

यजमान टेबलाशी कोरा अर्ज पुढ्यात घेऊन बसले होते. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या.

"पियानोवाल्याला परत बोलवायचं तर अर्ज लागेल," भांडारपाल म्हणाले. "दुरुस्तीचं कारण काय लिहू?"

"लिहा, पियानो सुरात आल्यामुळे."

त्यांनी तसंच लिहिलं, सुवाच्य अक्षरात. सही केली, शिक्का मारला. अर्जावर आक्षेप न घेण्याची त्यांच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ.

"आणि ती मधली पट्टी?" सासूबाईंनी विचारलं.

"ती राहू दे," बाई म्हणाल्या. "तिच्या नादी मी लागत नाही."

भांडारपालांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. काहीतरी विचारायचं होतं आणि घरातलं विचारायचं की भांडारातलं हे ठरत नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "शेवटचं पान मी जरा लवकर उलटलं का?"

बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "अगदी वेळेवर उलटलंत."